तिळावरची झील

सोपानबुवा माने कीर्तनाला उभे राहिले की चरणाचा उत्तरार्ध कधी स्वतः म्हणत नसत. अर्धी ओळ सुरात मांडायची, चिपळ्यांचा ठेका द्यायचा आणि हात तसाच वर धरून थांबायचं. मग टाळकऱ्यांनी ठेका पुरा करून ओळ उचलायची. याला झील धरणं म्हणतात. झील ढिली आली तर बुवा पुढे सरकत नसत. "झोपलात काय रे मंडळी? देवाला एकट्यानं हाका मारायला मी काय पगारी नोकर आहे?" असं म्हणत, मंडप हसे, आणि दुसऱ्या खेपेला अशी झील उठे की कौलांवरची कबुतरं उडून समोरच्या लिंबावर जाऊन बसत.

त्यांच्या डाव्या हाताला टाळ घेऊन दोघीजणी बसायच्या. बायको कावेरीबाई आणि मुलगी अनसूया. कावेरीबाईंचा हात एका ठिकाणी हमखास चुकायचा. शेवटचा ठोका सगळ्यांचा पडून गेला की मागाहून त्यांचा एकटीचा टाळ यायचा, जेवणं उरकल्यावर दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा. बुवा गादीवरूनच म्हणत, "आमच्या घरची एसटी आली बघा." पुन्हा हशा.

बुवांना जाऊन आता चार वर्षं झाली होती. आणि ती झील, त्या मागे पडलेल्या ठोक्यासकट, युरेनसच्या एका चिमुकल्या चंद्रावरून ऐकू येत होती.

हा चंद्र सापडला तोही अनसूयालाच. तेव्हा ती विद्यापीठात शिकत होती आणि 'वर्गातली एकुलती एक आजीबाई' म्हणून तिच्या नावाची थट्टा व्हायची. युरेनसभोवतीच्या काळोखाचे शेकडो फोटो तिच्याकडे होते. एकाही फोटोत काही दिसत नव्हतं, कारण ती वस्तू इतकी अंधुक होती की एकट्या फोटोत तिचा उजेड ओळखूच येत नव्हता. अशा वेळी एक युक्ती करतात. समजा इथे एखादा चंद्र आहे आणि तो अमुक वाटेनं, अमुक वेगानं चालला आहे, असं धरून चालायचं. त्या हिशोबानं प्रत्येक फोटो थोडा थोडा सरकवायचा आणि सगळे एकावर एक रचायचे. वाट चुकीची धरली तर हाती नुसती राख येते. बरोबर धरली तर प्रत्येक फोटोतला कणभर उजेड एकाच जागी साचतो आणि ठिपका उगवतो. अनसूयानं कितीतरी वाटा धरून पाहिल्या. एका वाटेवर तिळाएवढा ठिपका उगवला.

फोनवर बुवांनी विचारलं होतं, "म्हणजे आधी तो आहे असं मानायचं, मग तो दिसतो?"

"तसंच काहीसं, आबा."

"अगं, मग आम्ही इतकी वर्षं काय निराळं सांगतोय?"

ठिपक्याला अधिकृत नाव मिळायचं तेव्हा मिळालं, पण सगळे त्याला तीळ म्हणू लागले. पुढे तिकडे यान निघालं. माणदेशातल्या उघड्या माळावर, जिथे पाऊस वाट चुकूनच येतो, तिथे यानाशी बोलायची अँटेना उभी राहिली आणि अनसूया तिथे कामाला लागली. गाव तासाभराच्या अंतरावर होतं. यान अर्ध्या वाटेत असताना बुवा गेले. दवाखान्यात त्यांचा शेवटचा प्रश्न यानाबद्दलच होता. "तिथं गेल्यावर ऐकायला येईल का गं काही?" घशाच्या दुखण्यानं त्यांचा आवाज तेव्हा कुजबुजीपुरताच उरला होता. ती "हो" म्हणाली होती.

यानातून तिळावर एक छोटं यंत्र उतरलं. ते पायाखालच्या बर्फावर हातोडी मारायचं आणि कंप टिपायचं, म्हणून त्याचं नाव सुतार. कलिंगडावर टिचकी मारून आत काय आहे ते ओळखतात, तसंच हे काम. पण सुताराची हातोडी दुबळी, बर्फ भुसभुशीत, आणि परत येणारा कंप इतका क्षीण की यंत्राच्या स्वतःच्या थरथरीत तो बुडून जायचा. म्हणून एकेक ठोका न मारता ठरावीक घडणीची ठोक्यांची एक ओळ पुन्हा पुन्हा वाजवायची, आणि आलेल्या गोंगाटात त्या ओळीचा माग काढायचा. जत्रेच्या कलकलाटातही आपल्या माणसाची हाक ओळखू येते, त्यातली गत.

ओळ अशी हवी होती की तिचा कुठलाही तुकडा दुसऱ्या तुकड्यासारखा नसावा. अनसूयानं बुवांचा ठेका सुचवला. प्रकल्पप्रमुख परवीन तांबोळींनी तो गणितात घालून पाहिला. "चालतोय की. तुझ्या आबांच्या चिपळ्यांवर गणित खूश आहे." गावच्या मंडपातलं एक जुनं रेकॉर्डिंग होतं, त्यावरून अनसूयानंच ठोके उतरवले. एक प्रत सुतारासाठी, काय वाजवायचं ते सांगणारी. दुसरी इथल्या प्रोग्रामसाठी, काय शोधायचं ते सांगणारी. सुताराला तिनं बुवांची अर्धी ओळ दिली, कारण हाक तोच मारणार होता.

आणि पहिल्याच आठवड्यात उत्तर आलं.

हेडफोनमध्ये आधी हातोडीचे ठोके आले, स्वच्छ, ओळखीचे. मग ओळ संपली. मग त्या शांततेच्या पोटातून, फार खोलातून, पुढचे ठोके वर आले. सुतारानं न मारलेले. अनसूयाचे हात आपोआप मांडीवर पडू लागले, टाळ धरल्यासारखे. सम आली. आणि समेनंतर, किंचित मागे, एकटा ठोका.

तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. बाहेर माळावर ऊन रणरणत होतं आणि अँटेनाच्या सावलीत मेंढ्या गोळा झाल्या होत्या. तिला थंडी वाजत होती.

हळूहळू सगळ्यांनी ते ऐकलं. दुसऱ्या देशातल्या एका गटानं अनसूयाकडून प्रोग्राम घेतला आणि त्यांनाही उत्तर मिळालं. तिळाच्या पोटात पोकळी असावी, कंप तिथे घुमून वेगळ्या घडणीत परत येत असावेत, असे तर्क सुरू झाले. ती घडण कुणाची आहे हे अनसूयाला ठाऊक होतं. निव्वळ योगायोग असता तर ठोके जुळले असते एक वेळ. पण तो शेवटचा? जगात तो चुकीचा ठोका एकाच मंडपात पडत होता.

ती हे कुणाला बोलली नाही. पण रेकॉर्डिंग सगळ्यांसाठी खुलं होतं, आणि गावात कुणीतरी ते देवळाच्या भोंग्यावर लावलं. बुवा गेल्यापासून ओस पडलेल्या मंडपात सकाळी माणसं येऊ लागली. बुवांची गादी घालून तिच्यावर त्यांचं उपरणं ठेवायचे, हार घालायचे, आणि भोंग्यातून तिळावरचे ठोके यायचे. आईचा फोन येई तेव्हा मागून तेच ऐकू यायचं.

"आई, तू जातेस का रोज?"

"जाती की. माणसं येत्यात, बसत्यात. जेवलीस का तू?"

आई त्याहून जास्त बोलायची नाही.

तिळाजवळ यानाचं काम आता संपत आलं होतं. मूळ बेत असा की सुताराला तिथेच सोडून यानानं पुढे एरियलकडे जावं. तो युरेनसचा मोठा चंद्र. त्याच्या बर्फाखाली समुद्र असावा असा अंदाज होता आणि परवीनताईंनी अख्खी नोकरी त्या अंदाजावर काढली होती. पण इंधन एकाच गोष्टीपुरतं होतं. तिळापाशी राहायचं, नाहीतर जायचं.

"जगातले लोक विचारतायत, उत्तर देणारा चंद्र सोडून तुम्ही जाताच कसे," परवीनताई एका दुपारी चहा घेताना म्हणाल्या. "बरोबर आहे त्यांचं. सोमवारी निरोप पाठवू. यान राहील."

"ताई, तुमचा समुद्र?"

"अलिबागला जाऊन पाय बुडवून येईन. तू एकच कर. ते उत्तर सगळ्या बाजूंनी एकदा धुऊन काढ. पुढे कुणी बोट दाखवायला नको."

आनंद व्हायला हवा होता. यान राहणार होतं. आबांची झील आता वर्षानुवर्षं येत राहणार होती. पण आनंदाच्या जागी दुसरंच काही होतं, पाठीमागे कुणी उभं असल्यासारखं. अलीकडे तिला बेसिनच्या थेंबांतही ते ठोके ऐकू येत. गाडीच्या इंडिकेटरमध्ये येत. कुठलीही ओळ अर्धी राहिली की ती थांबून राही, आणि उत्तर येई.

शनिवारी दुपारी केंद्रात कुणी नव्हतं. उत्तर धुऊन काढायचं म्हणजे असं. जिथे ते असणं शक्यच नाही तिथे शोधून पाहायचं, आणि तिथे ते नाही अशी खात्री करायची. अशी जागा तिच्याजवळ होती. यान वाटेत असताना सुताराचा कान एकदा तपासण्यासाठी उघडला होता. सूर्यापासून दूर, कुठलाच ग्रह जवळ नाही, खाली बर्फ नाही, हातोडी बांधलेली. त्या कानानं टिपलेली निव्वळ थरथर तशीच ठेवलेली होती. तिनं ती प्रोग्रामला दिली आणि हेडफोन लावला.

आधी वाळू सरकल्यासारखी खरखर. खरखरीवर खरखर रचली जात होती. ती हेडफोन काढून ठेवणार एवढ्यात एक ठोका वर आला.

मग दुसरा. हा सुताराचा नव्हता. हातोडी बांधलेली होती. चिपळ्यांचा ठेका होता, बुवांची हाक, अर्धी ओळ. मग क्षणभर शांतता, हात वर धरून थांबलेली. मग झील. मग तो शेवटचा, मागे पडलेला.

जिथे काहीच नव्हतं तिथे अख्खं कीर्तन उभं होतं.

अनसूयानं नोंदीवरची तारीख पाहिली. ज्या दिवसाची ही थरथर होती तो दिवस तिला आठवत होता. बुवांना दवाखान्यात हलवलं तो आठवडा. एका क्षणापुरतं तिला वाटलं की ते तिथेच आहेत, त्या मोकळ्या काळोखात, केव्हापासून हाका मारताहेत आणि आपण तिळावर त्यांना शोधत बसलो. तिच्या तोंडून "आबा" असा शब्द गेला. खोलीत पंखा फिरत होता.

मग, ज्या डोक्यानं इतकी वर्षं हेच काम केलं होतं ते सावकाश चालू लागलं.

आता इथे शास्त्राचं थोडं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. समजा, तुम्हाला कुणी हजार ढगांचे फोटो दिले. कुठल्याच ढगात काही नाही. पण तुम्ही मनात गणपती धरलात, आणि प्रत्येक फोटो असा सरकवलात की ढगाचा जो भाग गणपतीशी त्यातल्या त्यात जुळतो तो मधोमध यावा. मग ते हजार फोटो एकावर एक ठेवले तर समोर गणपतीच येणार, सोंड आणि सुपासारख्या कानांसकट. तो आकाशातून आलेला नसतो. थंडीनं सुताराचं घड्याळ मागेपुढे व्हायचं, म्हणून प्रोग्राम प्रत्येक रेकॉर्डिंग सरकवून, नमुन्याशी, म्हणजे त्याला दिलेल्या प्रतीशी, जिथे जुळेल तिथे बसवत होता. नमुन्यात जे असेल ते गोंगाटातून उगवणारच होतं.

पण नमुन्यात तर अर्धीच ओळ असायला हवी होती. सुताराला दिली तेवढी.

तिनं दुसरी प्रत उघडली. त्यात अख्खी ओळ होती. हाक आणि झील, दोन्ही.

कुणी दुसरा असता तर त्यानं ओळ हाकेपाशी कापली असती. अनसूया लहानपणापासून त्या मंडपात झील धरायला बसली होती. या प्रतीसाठी रेकॉर्डिंग ऐकताना तिच्या कानांना ओळ जिथे संपल्यासारखी वाटली तिथे तिनं कात्री लावली, आणि त्या कानांना झील आल्याशिवाय ओळ संपत नव्हती. दुसऱ्या देशातल्या गटानंही तिचाच नमुना वापरला होता. तिनं प्रत दुरुस्त केली, तिळाचं रेकॉर्डिंग पुन्हा घातलं. हातोडीचे ठोके आले. ओळ संपली. पुढे स्वच्छ, गुळगुळीत शांतता.

एकदा वाट धरली आणि चंद्र सापडला. तशीच वाट धरून तिनं बाप शोधला होता.

प्रत पुन्हा पहिल्यासारखी करायला बोटाचा एक दाब पुरला असता. सोमवारी निरोप गेला असता, यान राहिलं असतं, आणि पुढे कधीतरी कुणाच्या लक्षात आलंच असतं तरी तोवर आई देवळात जात राहिली असती. तिनं कळीवर बोट ठेवलं, आणि उचललं. मग गाडीची किल्ली घेतली, पण गावाकडे जायचा धीर काही झाला नाही. निघाली ती रविवारी सकाळी.

मंडप भरला होता. भोंग्यातून ठोके येत होते आणि एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून डोलत होते. गादीवर उपरणं, उपरण्यावर ताजा झेंडूचा हार. झील आली तेव्हा सगळ्यांचे हात जोडले गेले. कावेरीबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांनी हात जोडले नाहीत, एवढं अनसूयाला दिसलं.

माणसं पांगल्यावर मायलेकी पायरीवर बसल्या.

"आई, ते ठोके तिकडून आलेले नाहीत. माझी चूक झाली."

आईनं पदरानं तोंड पुसलं. "शेवटचा टाळ माझा हाय. माझा टाळ मला वळकंना व्हय?"

"कधी कळलं तुला?"

"पयल्या दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? लोक म्हणत्यात, बुवा चंद्रावरनं झील देत्यात." कावेरीबाई हसल्या. "बुवांनी जन्मात कधी झील धरली व्हती का गं? त्यांनी हाक द्यायची आन् हात वर करून उभं ऱ्हायाचं. झील आपली. आपल्या दोघींची. तू तिकडं त्यांची हाक दिलीस आन् उत्तराची वाट बघत बसलीस. उत्तर द्यायचं काम तुझं, आन् तूच बुवा होऊन बसलीस."

लिंबावरची कबुतरं घुमत होती.

"मला वाटलं होतं, ते कुठंतरी आहेत."

"आसतील की. त्ये कुठं न्हाईत म्हणलं मी? पर बोलवणारं ते हायत. आपुन न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "भोंगा आजच्या दिवस ऱ्हाऊ दे. रिकाम्या मंडपाचं भ्या वाटतं मला. म्हणून गप ऱ्हायले."

सोमवारी सकाळी अनसूयानं दोन्ही प्रती परवीनताईंसमोर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. परवीनताईंनी दोनदा ऐकलं, एकदा जुन्या नमुन्यानं, एकदा नव्या. मग चष्मा काढला.

"लोक तुला सोडणार नाहीत, अनसूया. मलाही नाही."

"हो."

"आणि समुद्र मला मिळाला." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. उठताना म्हणाल्या, "यान गेल्यावर सुताराचा आवाज कुणापर्यंत पोचणार नाही. अणुबॅटरी मात्र बरीच वर्षं चालेल. त्याला शेवटचा निरोप काहीतरी द्यावाच लागतो. तो तू लिही. हवं ते वाजव."

अनसूयानं निरोप लिहायला घेतला. पहिल्या भागात, जिथे बुवांची हाक होती, तिथे तिनं काहीच लिहिलं नाही. हाकेला लागतो तेवढा वेळ हातोडी वर धरून थांबायचं. मग झील. सगळे ठोके, आणि समेनंतर किंचित मागे, एक एकटा. मग पुन्हा पहिल्यापासून.

निरोप गेला. तिकडे पोचायला त्याला अडीच तासांहून अधिक वेळ लागतो. तेवढ्यात ती गावी गेली. मंडपातला भोंगा कुणीतरी काढून ठेवला होता आणि आत चारच माणसं होती. गादीवर उपरणं तसंच होतं. कावेरीबाईंनी टाळाची एक जोडी तिच्या हातात दिली, एक आपण घेतली. हाक देणारं कुणी नव्हतं. बुवा ओळ म्हणून हात वर धरत, तेवढा वेळ त्या दोघी गप्प बसल्या, आणि मग झील धरली.

यान एरियलच्या वाटेला लागलं आहे. तिळावर आता ऐकायला कुणी नाही. त्या थिजलेल्या काळोखात हातोडी वर उचलली जाते आणि थांबते. त्या थांबण्यात काय येतं याची कुठेच नोंद होत नाही. मग बर्फावर झील पडते, आणि सगळ्यांच्या मागून, उशिरा, कावेरीबाईंचा टाळ.